टीव्हीची अंगची हुशारी

चवथ जवळ आली की पेडण्याच्या आणि डिचोलीच्या बाजारांत नवे टीव्ही पाहायला माणसे दुकानांत शिरतात. भिंतीवर ओळीने संच लागलेले, वर ट्यूबलाइटचा लख्ख उजेड. त्यात सर्वांत भडक दिसतो त्याच्याकडे गिऱ्हाईक आधी वळते. ‘व्हिविड’ किंवा ‘डायनॅमिक’ मोड बनतो तो याचसाठी: पांढऱ्याला निळसर झाक, रंग चढवलेले, कडा जणू पेनाने गिरवलेल्या. तेच चित्र रात्री घरच्या वसरीत डोळ्यांना खुपते.

इफ्फी हा चित्रपट महोत्सव 2004 पासून गोव्यात भरत असल्याने मोठ्या पडद्यावरचा सिनेमा कसा दिसतो, हे इथल्या रसिकाला सांगावे लागत नाही. तोच सिनेमा घरी मात्र टीव्ही मालिकेसारखा गुळगुळीत का वाटतो? चित्रपट सेकंदाला 24 चौकटींचा असतो. टीव्ही आपल्या हुशारीने मधल्या चौकटी स्वतः रचून घालतो. कंपन्यांनी या करामतीला ‘ट्रूमोशन’, ‘मोशनफ्लो’ अशी आकर्षक नावे दिली आहेत. ही करामत बंद करा, असे सांगायला डिसेंबर 2018 मध्ये टॉम क्रूझने दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वॉरीला सोबत घेऊन खास व्हिडिओ काढला होता. पुढच्याच वर्षी स्कॉर्सेसी, नोलन अशा दिग्दर्शकांच्या पाठिंब्याने ‘फिल्ममेकर मोड’ जाहीर झाला. तो नसेल तर ‘सिनेमा’ मोड घ्यावा आणि रंगछटा ‘वॉर्म’वर ठेवावी. सुरुवातीला चित्र पिवळट वाटेल, चारच दिवसांत डोळा सरावतो.

अंधाराचा प्रश्न जरा नाजूक. 2019 मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधल्या रात्रीच्या लढाईत काहीच दिसत नाही म्हणून जगभर ओरड झाली, तेव्हा छायालेखक फॅबियन वॅग्नर यांनी लोकांच्या टीव्ही सेटिंगकडे बोट दाखवले. त्यांचे म्हणणे निम्मेच पटते. घरोघरी थिएटर कुठून आणायचे? पण राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ घ्या. अनेक पावसाळे खपून टिपलेली ती करडी, ओली हवा भडक मोडमध्ये उरतच नाही. बहुतेक संचांत ‘ब्राइटनेस’ने काळ्याची पातळी ठरते: ती फार चढवली तर काळे राखाडी होते, फार उतरवली तर कंदिलाच्या उजेडाबाहेरचे सगळे काळोखात बुडते. पडद्यामागचा उजेड वेगळा, तो ‘बॅकलाइट’चा. दुपारी दार उघडे असताना तो वाढवावा, रात्री कमी करावा. ‘शार्पनेस’ तर बहुधा शून्याजवळच बरा.

आता पोरांकडे वळू. फुटबॉलवेड्या गोव्यात ‘फिफा’ किंवा त्याचा आताचा अवतार ‘ईए स्पोर्ट्स एफसी’ खेळणारा मुलगा बटण दाबतो आणि पडद्यावरचा गडी अंमळ उशिराने हलतो. मुलगा कंट्रोलरला शिव्या घालतो. खरा दोषी टीव्ही असतो. चित्र सजवण्यात संचाचे 100 मिलिसेकंदही जाऊ शकतात. सेकंदाला 60 चौकटींच्या खेळात हा उशीर सहा चौकटींचा झाला. तेवढ्यात पेनल्टी हुकते. ‘गेम मोड’ ही सजावट गाळून टाकतो, आणि चांगल्या संचात उशीर 20 मिलिसेकंदांखाली येतो. नव्या संचाला नवा कन्सोल जोडला तर हा मोड आपोआप सुरू होतो. जुन्या जोडीत रिमोटनेच करावा लागतो.

म्हणजे बाबांचा सिनेमा आणि मुलाचा खेळ यांची मागणी बरीचशी सारखीच: टीव्हीने मध्ये कमी लुडबुड करावी. घरात भांडायचेही कारण नाही, कारण पुष्कळ संचांत प्रत्येक एचडीएमआय पोर्टची सेटिंग वेगळी राहते. कन्सोल एकावर, सेट-टॉप बॉक्स दुसऱ्यावर. टीव्हीतल्या ॲपवर सिनेमा पाहताना मात्र मोड पुन्हा तपासावा. पोर्टवर केलेला बदल तिथे लागू असेलच असे नाही.

आणि संच बसवायला माणूस येईल, तेव्हा शेजारी उभे राहा. पहिल्यांदा सुरू होताना बरेच टीव्ही ‘होम’ की ‘स्टोअर’ असे विचारतात. घाईत ‘स्टोअर’ दाबले गेले, तर तुम्ही केलेले बदल संच थोड्या वेळाने आपणच पुसून टाकतो आणि पुन्हा दुकानातल्यासारखा झगमगू लागतो.