वाद्य सोडणे आणि वाद्य सुटणे



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा आम्ही बोनस, कंत्राटी कामगार किंवा फार तर नव्या कामगार संहितांवर बोलू, अशी त्यांची अपेक्षा असावी. तीस वर्षे आम्ही तेच बोलत आलो आहोत आणि उद्या सकाळी फाटकावर पुन्हा तेच बोलणार आहोत. आज मात्र एका ख्रिस्ती माणसाची आणि त्याच्या वाद्याची हकीकत सांगायची आहे. आम्ही ख्रिस्ती नाही. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपाशी संपले. पुढचे वाचन युनियनच्या कचेरीतल्या बाकावर झाले. तेव्हा परदेशी नावांचे उच्चार चुकले तर जाणत्यांनी सांभाळून घ्यावे.

हा विषय आम्ही का घेतला, ते आधी सांगतो. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही बारा वर्षांचे होतो. आमचे वडील साचेखात्यात विणकर. आमच्या खोलीत किमती अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे वडिलांची पेटी. बोनसच्या पैशांतून दोन हप्त्यांत घेतलेली. चाळीच्या भजनी मंडळात दर गुरुवारी ती वाजे. संपाच्या आठव्या महिन्यात वडिलांनी ती चादरीत बांधली, खांद्यावर घेतली आणि विकून आले. परतताना एक पायली तांदूळ आणि आमच्या वहिनीचे औषध आणले. त्या गुरुवारी मंडळ टाळांवरच भजन म्हणाले.

पुढे पुष्कळ वर्षांनी एका सभेत एका वक्त्याने, संपकाळात कामगारांनी घरातली वाद्येसुद्धा विकली, केवढा हा त्याग, असे उद्गार काढले. टाळ्या पडल्या. आमचे वडील शेजारीच बसले होते. ते हळूच म्हणाले, "त्याग कसला? ती सुटली माझ्या हातून." सोडणे आणि सुटणे यांतला हा फरक आम्हांला व्याकरणाच्या पुस्तकाने शिकवला नाही, त्या वाक्याने शिकवला. तेव्हापासून कोणी आसक्ती सोडण्याचा उपदेश करू लागला की आम्ही पहिल्याने विचारतो, बाबा रे, हा उपदेश कोणाला चालला आहे? ज्याच्याकडे आहे त्याला, की ज्याचे आधीच गेले त्याला?

आमच्या युनियनमध्ये नगर जिल्ह्याकडचे एक ख्रिस्ती फिटर होते. आमची ही शंका ऐकून त्यांनी बायबल काढले आणि मार्काच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय पुढे ठेवला. एक श्रीमंत मनुष्य येशूकडे येतो, सार्वकालिक जीवन कसे मिळेल ते विचारतो. आहे ते विकून गोरगरिबांस दे आणि माझ्यामागे ये, असे येशू त्याला सांगतो. आणि तो खिन्न होऊन निघून जातो, कारण त्याची मालमत्ता मोठी असते. फिटर म्हणाले, "पाहा, हे वाक्य कोणाला उद्देशून आहे? विधवेला नाही." आम्ही निरुत्तर झालो. त्यांनीच मग आम्हांला डॉक्टर आल्बर्ट श्वाइत्झर यांचे आत्मचरित्र वाचायला दिले.

ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात वाद्याचा मोह सोडण्याची दुसरीही एक रीत दिसते, आणि तिचा उल्लेख टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. झुरिकचा धर्मसुधारक झ्विंग्ली स्वतः उत्तम वादक होता, अनेक वाद्ये वाजवी. पण देवाच्या उपासनेत वाद्य नको, असा त्याचा निश्चय झाला आणि 1527 साली तिथल्या मुख्य चर्चमधला ऑर्गन मोडून काढण्यात आला. या माणसाच्या निष्ठेबद्दल आम्हांला शंका नाही. पण ज्यांना तो ऑर्गन प्रिय होता त्यांना कोणी विचारले असेल, असे वाटत नाही. हेही सुटणेच, फक्त हुकुमाने.

श्वाइत्झरांची गोष्ट निराळी. त्यांचा जन्म 1875 साली आल्सेस प्रांतात झाला. वडील गुन्सबाख गावी पाळक. आठव्या वर्षी मुलाने ऑर्गनला हात लावला आणि नवव्या वर्षी उपासनेच्या वेळी तो बदली वादक म्हणून बसू लागला. आपल्याकडे ऑर्गन म्हटले की संगीत नाटकातली पायपेटी आठवते. चर्चचा ऑर्गन तसा नव्हे. शेकडो, कधी हजारो नळ्या, हातांसाठी पट्ट्यांच्या दोन-तीन ओळी, पायांसाठी आणखी एक ओळ, आणि सगळा डोलारा इमारतीत पक्का बसवलेला. असले वाद्य कोणी घरी नेऊ शकत नाही. ते मंडळीचे असते. वादकाचे त्यात काय, तर त्याचे हातपाय आणि त्याने त्यात घातलेली वर्षे. वस्तू आपली नसतानाही तिच्यावर जीव जडतो तो कसा, हे पन्नास वर्षे एकच साचा चालवणाऱ्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

पॅरिसचे विदोर हे त्यांचे गुरू. त्यांच्याच आग्रहावरून श्वाइत्झरांनी बाख या संगीतकारावर मोठा ग्रंथ लिहिला, तो 1905 साली फ्रेंचमध्ये निघाला. पण 1896 च्या पेंटेकॉस्टच्या सुट्टीत, एकविसाव्या वर्षी, त्यांनी मनाशी एक ठरवून टाकले होते. आपल्याला मिळालेले सुख फुकट मिळाल्यासारखे भोगायचे नाही. तिसाव्या वर्षापर्यंत विद्या आणि कला, त्यानंतर प्रत्यक्ष माणसांची सेवा. 13 ऑक्टोबर 1905 रोजी त्यांनी पॅरिसमध्ये पत्रे पेटीत टाकली आणि घरच्यांना व स्नेह्यांना कळवले की आपण वैद्यकी शिकून आफ्रिकेत डॉक्टर म्हणून जाणार. विदोर चिडले. सेनापतीने बंदूक घेऊन शिपायांच्या रांगेत उभे राहावे तसे हे आहे, असे ते म्हणाले. आम्हांला विदोरांचा राग समजतो. आमच्या चळवळीतही चांगला गाणारा शाहीर पत्रके वाटायला गेला तर आम्ही त्याला परत बोलावतो.

26 मार्च 1913 रोजी श्वाइत्झर आणि त्यांच्या पत्नी हेलेने बोर्दोहून बोटीत चढले. आता ऑर्गन संपला, अशी त्यांच्या मनाची तयारी होती. हातपाय गंजू द्यायचे, म्हणजे दुःख कमी होईल, असा त्यांचा हिशेब होता. पण पॅरिसच्या बाख संस्थेने त्यांना एक पियानो भेट दिला होता. उष्ण हवेसाठी खास बांधलेला, खाली ऑर्गनसारखी पायपट्टी असलेला. तो जस्ताचा पत्रा लावलेल्या पेटाऱ्यातून आला. ओगोवे नदीतून लांबारेनेला न्यायला एकाच झाडाच्या खोडातून कोरलेली होडी मिळाली. तिच्यात तीन टन वजन मावत असे, म्हणजे असले पाच पियानो गेले असते, असे श्वाइत्झरांनीच गमतीने लिहून ठेवले आहे.

पुढचा भाग आम्ही पुनःपुन्हा वाचला. एका संध्याकाळी ते बाखची एक रचना जड मनाने वाजवत बसले होते. तेव्हा त्यांना सुचले की या एकांताचाच उपयोग करून घ्यावा. इथे श्रोता नाही, कार्यक्रमाची तारीख नाही, घाई नाही. दिवसाला अर्धा तास मिळाला तरी चालेल. बाख, मेंडेल्सन, विदोर, फ्रांक, रेगर यांच्या रचना एकेक करून ते मुखोद्गत करू लागले. जे कायमचे सोडले म्हणून मनाने निरोप दिला होता, ते जंगलात परत आले. अब्राहामाला मुलाचे बलिदान द्यायची तयारी दाखवावी लागली आणि मुलगा परत मिळाला, तसेच आपले झाले, असे त्यांनी लिहिले आहे.

इथे आमच्यातला संशयी कामगार जागा होतो. परत मिळणार असेल तर तो त्याग कसला? पण निघताना त्यांना हे ठाऊक नव्हते. आणि कसोटी एवढ्यावर संपली नाही. 1914 साली महायुद्ध पेटले, फ्रेंच वसाहतीत ते जर्मन प्रजाजन ठरले, 1917 साली त्यांना फ्रान्समध्ये आणून पिरेनीज पर्वतातल्या छावणीत डांबले. पियानो मागे राहिला. छावणीत त्यांनी काय करावे? टेबलाला पट्ट्या मानले, जमिनीला पायपट्टी मानले आणि सराव चालू ठेवला. आवाज नाही. बाजूला बसलेल्या कैद्याला दिसत असेल तो एक मिशाळ डॉक्टर, लाकडावर बोटे नाचवणारा. या चित्रापुढे आम्ही थांबतो. वाद्य काढून घेतले, तरी सुटले नाही.

सुटकेनंतर ते युरोपभर ऑर्गन वाजवत फिरले आणि त्या पैशांतून रुग्णालयाची देणी फेडली. 1924 साली परत लांबारेनेला गेले. 1952 सालचे शांततेचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले, ती रक्कम कुष्ठरोग्यांच्या वस्तीसाठी गेली. आणि ज्याने स्वतःचा ऑर्गन सोडायची तयारी केली, त्याच माणसाने जुने ऑर्गन भंगारात जाऊ नयेत म्हणून उभ्या हयातीत असंख्य पत्रे लिहिली. स्ट्रासबुर्गच्या सेंट थॉमस चर्चमधला अठराव्या शतकातला ऑर्गन त्यांच्या खटपटीने वाचला. स्वतःपुरती मूठ उघडी, मंडळीच्या वस्तूसाठी मात्र घट्ट.

त्यांची आरती करायला आम्ही उभे नाही. आफ्रिकन माणसाला त्यांनी भाऊ म्हटले, पण स्वतःकडे थोरल्या भावाचा मान ठेवून. ज्याला मालकाने 'तू आमच्या घरचाच' म्हणून पगारवाढ नाकारली आहे, त्याला थोरल्या भावाची ही भाषा ओळखू येते. 1960 साली गॅबन स्वतंत्र झाला, 1965 साली श्वाइत्झर तिथेच वारले. वाद्य सोडणे त्यांना जमले तितके थोरलेपण सोडणे जमले नाही, असे आमचे मत आहे. मतभेद असल्यास खाली उतरल्यावर जरूर भांडावे.

आमच्या फिटरांकडे आजोबांचे व्हायोलिन होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी ते चर्चमधल्या एका मुलीला देऊन टाकले. आम्ही विचारले, जीव तुटला नाही का? म्हणाले, "दिले खरे, पण कान माझेच आहेत. दर रविवारी पहिल्या बाकावर बसतो. तार उतरलेली असली की खोकतो." श्वाइत्झरांच्या चरित्रापेक्षा हे उत्तर आम्हांला जास्त जवळचे वाटले, हे कबूल करतो.

आता आमचे. थकबाकीचे पैसे मिळाले तेव्हा आम्ही वडिलांसाठी एक जुनी पेटी विकत घेतली. जी गेली ती नव्हे. ती कुठे मिळणार? वडिलांनी ती चार-पाच वर्षे वाजवली. ते गेल्यापासून ती कपाटावर चादरीत बांधून ठेवली आहे. आम्हांला वाजवता येत नाही. गेल्या महिन्यात मंडळातली पोरे मागायला आली होती. गुरुवारच्या भजनाला पेटी नाही म्हणाली. आम्ही म्हटले, भाता फाटला आहे, दुरुस्त करून देतो.

भाता मुळीच फाटलेला नाही. पोरे येत्या गुरुवारी पुन्हा येणार आहेत.