शाळा, कसब आणि महाविद्यालय



भिवंडीतील नारपोली हा यंत्रमागांचा परिसर आहे. १८५७ नंतरच्या काळात उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या विणकरांनी भिवंडीत हातमागाचा धंदा रुजविला. पुढे तेलंगणातील विणकर कुटुंबांनी त्यात भर घातली. विसाव्या शतकात हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांत संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरण्यांचे बरेचसे काम भिवंडीच्या मागांकडे वळले. मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू अशा अनेक भाषा बोलणारी मुले या धाग्यावर वाढली. त्यांच्या शाळांनी केवळ महाविद्यालयाची वाट दाखवावी की कसबी व्यवसायाची वाटही तितक्याच आदराने दाखवावी, हा प्रश्न म्हणूनच येथे केवळ चर्चेचा राहत नाही.

जुना प्रश्न

हा प्रश्न नवा नाही. १८८२ च्या हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेत शेतीचे प्राथमिक ज्ञान द्यावे, अशी मागणी होती. त्याच आयोगाने माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांत दोन शाखा सुचविल्या होत्या : एक विद्यापीठाकडे नेणारी, दुसरी व्यवहारोपयोगी. १८८७ मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्था स्थापन झाली. १८९० मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यात कलाभवन सुरू झाले. १९३७ च्या वर्धा परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाला शिक्षणाचा केंद्रबिंदू मानले. कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभवाची शिफारस केली. महाराष्ट्रात १९८८-८९ पासून उच्च माध्यमिक स्तरावर किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम सुरू झाले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासून व्यवसायाची ओळख आणि सहावी ते आठवीत दहा दिवसांचा दप्तराविना काळ सुचविला. २०२५ पर्यंत किमान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा परिचय व्हावा, असे उद्दिष्टही त्यात होते.

एवढ्या शिफारशींनंतरही पालकांच्या मनात व्यवसाय शिक्षण ही नापासांची वाट राहिली. याचे कारण समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

पालकांची शंका

बारा-बारा तासांच्या पाळीत एकाच वेळी अनेक माग सांभाळणारा कामगार विणलेल्या कापडावर मजुरी मिळवितो. माग थांबला की मजुरी थांबते. अशा बापाला मुलाने मागापासून दूर जावे असे वाटले, तर त्यात कामाचा तिरस्कार नाही. त्या कामाला मिळालेल्या दराचा आणि मानाचा तो हिशेब आहे. ज्या समाजात धंदा जन्माने ठरत असे, तेथे शाळेने पुन्हा हातकामाकडे बोट दाखविले की जुनी भीती जागी होते. कामगाराच्या मुलाला पेचकस आणि मालकाच्या मुलाला पदवी, अशी वाटणी शाळेने केली, तर ती शिक्षणाची वाट नव्हे, जुन्याच उतरंडीची नवी पायरी होईल.

वर्धा योजनेतही शाळेचा खर्च मुलांच्या उत्पादनातून भागविण्याच्या कल्पनेवर आक्षेप घेतले गेले होते. ते आजही ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. २०१६ च्या दुरुस्तीनंतरच्या कायद्याने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास आणि अठरा वर्षांखालील मुलांना धोक्याच्या कामास मनाई आहे. व्यवसायाची ओळख म्हणजे कारखान्याला स्वस्त हात पुरविणे नव्हे, ही रेघ ठळक असावी.

कसबात दडलेले गणित

मात्र शंका खरी असली, तरी हातकाम आणि बुद्धी यांची फारकत खरी नाही. सुताचा नंबर म्हणजे काय? एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतात, तो कापसाच्या सुताचा नंबर. समजा, माग मिनिटाला १५० वेळा धोटा फेकतो आणि कापडाच्या एका इंचात बाण्याचे ५० धागे आहेत. तर मिनिटाला तीन इंच, म्हणजे तासाला पाच वार कापड व्हावे. धागा तुटणे, कांडी बदलणे यांत पाचवा हिस्सा वेळ गेला, तर चार वार होईल. गुणोत्तर, प्रमाण आणि शेकडेवारी यांचा हा पाठ नारपोलीच्या मुलाच्या घरातच आहे. तो फळ्यावर मात्र क्वचित येतो.

माग दुरुस्त करणारा जॉबर आवाजावरून दोष ओळखतो. हे ज्ञान त्याने उस्तादाच्या हाताखाली मिळविले. त्याचा कागद त्याच्याजवळ नाही. १ एप्रिल २०१७ रोजी केंद्र शासनाची ‘पॉवरटेक्स इंडिया’ योजना भिवंडीतूनच जाहीर झाली. साध्या मागांवर धागा तुटताच माग थांबविणारी यंत्रणा बसविणे हा तिचा एक भाग होता. धोट्याविना चालणारे रॅपियर माग आले की विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक जोडण्या वाचता आल्या पाहिजेत. केवळ पाहून शिकलेला कारागीर तेथे अडतो. केवळ पुस्तक शिकलेला पदवीधरही अडतो.

दोन्ही वाटा खुल्या

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तेथे आकाराला आलेला ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय माध्यमिक शाळांत गेला. जोडकाम, वीज, शेती-पशुपालन, आहार-आरोग्य ही कामे त्यात सर्वच मुले-मुली करतात. कोणाला निवडून वेगळे काढले जात नाही. या प्रयोगाचे मर्म हेच आहे. दहावीपर्यंत हातकाम सर्वांसाठी असावे आणि निवड त्यानंतर व्हावी.

निवडीनंतरही दार बंद होऊ नये. दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यास तंत्रनिकेतनात पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षास प्रवेशाची तरतूद आहे आणि पदविकेवरून अभियांत्रिकी पदवीकडे जाता येते. दहावीच्या वर्गात ही शिडी पालकांना कोणी समजावून सांगतो काय? १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार उमेदवारीच्या काळात विद्यावेतन मिळते, हेही त्यांना कळावयास हवे.

करण्याजोगी कामे मोठ्या खर्चाची नाहीत. दप्तराविना दहा दिवसांत जॉबर, वायरमन, शिवणकाम करणारी भगिनी यांना शाळेत मानाने बोलवावे. चालत्या पट्ट्याजवळ मुलांना न नेता जुना, बंद माग शाळेत उघडून दाखवावा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांतील कारागिरांची नोंद मुख्याध्यापकांनी ठेवावी. मुलींना शिवणाबरोबर वीज आणि यंत्रेही शिकवावीत. आणि अधिकाऱ्यांनी वर्कशॉपची पाहणी करताना यंत्रांची संख्या मोजून न थांबता शिकविणारा निदेशक नेमलेला आहे की नाही, हे आधी पाहावे.

कामाला मान केवळ भाषणांनी येत नाही. योग्य दर, सुरक्षित जागा आणि पुढे शिकण्याची सोय यांनी तो येतो. शाळेच्या हाती यांतले शेवटचे आहे. नारपोलीच्या मुलाने जॉबर व्हावे की प्राध्यापक, हे त्याचे त्याने ठरवावे. दोन्ही वाटा पाहून ठरविण्याची संधी देणे, हे शाळेचे कर्तव्य आहे.