बेरोजगारीचा आकडा कुणाचा, आणि त्यात आपण कुठं?

(सीमाभागातल्या युवक मेळाव्यातलं भाषण. बोललेलं शक्यतो तसंच ठेवलं आहे.)



मला विषय दिलाय बेरोजगारीचा. त्यावर तुम्हाला मी काय नवीन सांगणार? इथं बसलेल्या निम्म्या पोरांना गावात रोज कुणीतरी विचारतंच, "काय करायलास रे सध्या?" आणि ठरलेलं उत्तर असतं, "तयारी करायलो, काका." म्हणून आज दुःख सांगत बसणार नाही. आज आकड्याबद्दल बोलू. कारण सरकार आकड्यावर चालतं, आणि आकडा कसा तयार होतो हे कळलं नाही तर आपल्या तोंडावर कुणीही काहीही फेकतं.

मोबाईलवर जगातल्या देशांच्या बेरोजगारीची यादी फिरत असते. दक्षिण आफ्रिका ३० टक्क्यांच्या वर. स्पेन दहा-अकराच्या घरात. जर्मनी तीन-चारच्या घरात. जपान अडीचच्या आसपास. भारत, २०२३-२४ च्या सरकारी पाहणीत, ३.२. आणि आफ्रिकेतला नायजर नावाचा देश, जगातल्या सगळ्यात गरीब देशांपैकी एक, तिथं एक टक्क्याच्याही खाली!

आता मला सांगा, नायजरला नोकरी शोधायला कोण जातंय? आपल्याकडून तर कुणी गेलेलं ऐकलं नाही. पण यादी बघितली तर नायजर जर्मनीच्या पुढं. म्हणजे यादी खोटी आहे का? खोटी नाही. ती जे मोजते ते आपल्याला वाटतं ते नाही, एवढंच.

बेरोजगार कोण, याची व्याख्या जिनिव्हाची आंतरराष्ट्रीय कामगार संघटना ठरवते. तीन अटी आहेत. काम नसलं पाहिजे. काम मिळालं तर करायची तयारी पाहिजे. आणि काम शोधत असला पाहिजे. तिन्ही जमल्या तर तुम्ही बेरोजगार. आणि काम असणं म्हणजे काय? त्या आठवड्यात एक तास जरी कमाईचं काम केलं असलं तरी काम आहे असं धरतात. एक तास!

आता भागाकार बघा. गावात १५ वर्षांवरची १०० माणसं आहेत असं धरू. त्यातली ५७ काम करतात, ३ काम शोधतात, ४० दोन्हीत नाहीत: म्हातारी माणसं, शिकणारी पोरं, घर सांभाळणाऱ्या बाया. बेरोजगारी काढताना भागायचं १०० नं नाही, ५७ अधिक ३ म्हणजे ६० नं. तीन भागिले साठ, पाच टक्के.

पुढच्या वर्षी त्या तिघांतले दोघं कंटाळले. चार वेळा परीक्षा दिली, दोन वेळा भरती रद्द झाली, त्यांनी शोधणंच सोडलं. आता शोधणारा उरला एक. एक भागिले अठ्ठावन्न, म्हणजे १.७ टक्के. गावात एकालाही नोकरी लागली नाही, पण बेरोजगारी पाचावरून पावणेदोनवर आली. पेपरात बातमी येईल, बेरोजगारी घटली!

म्हणून हा दर कधी एकटा वाचू नये. त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवायचा: १०० पैकी किती जण मुळात काम करतात किंवा शोधतात. भारतात २०१७-१८ ला तो ४९.८ होता, २०२३-२४ ला ६०.१ झाला. बायकांचा २३.३ वरून ४१.७. ऐकायला फार छान. पण या वाढलेल्या बायकांतला मोठा भाग स्वतःच्या शेतात, घरच्या धंद्यात राबणारा आहे, आणि त्यातल्या कितीतरी जणी बिनपगारी मदतनीस. आपली आई तूर काढायला, सोयाबीन खुरपायला जाते. ती आधीही जातच होती. आता ती रोजगारात मोजली जाते. मोजली जावी, ते बरोबरच आहे. पण त्यानं तिच्या हातात पगार आला असं होत नाही.

आता नायजरचं कोडं सुटतं. तिथं बेरोजगार राहणं परवडत नाही. सकाळी काही केलं नाही तर संध्याकाळी चूल नाही. म्हणून प्रत्येक जण शेतात, बाजारात, जनावरामागं काहीतरी करतो, आणि ते काम धरलं जातं. जर्मनीत नोकरी गेली तर विमा आहे. आधीच्या निव्वळ पगाराच्या साधारण ६० टक्के, मूल असेल तर ६७ टक्के रक्कम काही महिने मिळते. तिथला माणूस चार महिने थांबून आपल्या शिक्षणाजोगं काम शोधू शकतो.

दक्षिण आफ्रिकेत उलटं झालं. १९१३ च्या कायद्यानं गोऱ्यांच्या सरकारनं काळ्या लोकांची जमीन घेणं-धरणं जवळजवळ बंद केलं. त्यामुळं शहरात नोकरी नाही लागली तर गावी जाऊन दोन एकर कसू, ही सोयच कितीतरी जणांना उरली नाही. तिथली बेरोजगारी उघड्यावर दिसते. आपली दोन एकरात झाकलेली आहे. दोन माणसांचं काम पाच जण करतात आणि पाचही जण रोजगारात! अर्थशास्त्रात याला छुपी बेरोजगारी म्हणतात. आपल्याकडं म्हणतात, "हाय की घरची शेती."

आणखी एक बघा. कतारमध्ये बेरोजगारी जवळजवळ शून्य. कारण तिथले बहुतेक कामगार बाहेरचे. नोकरी असेल तर राहता येतं, गेली की बहुतेकांना गाशा गुंडाळून परत. म्हणजे कतारचा बेरोजगार कतारमध्ये मोजला जात नाही, तो केरळात नाहीतर नेपाळात मोजला जातो. हे लक्षात ठेवा, कारण बीदरचं याच्या बरोबर उलट आहे. त्यावर येतोच.

मोजपट्टी बदलली की काय होतं, त्याचीही दोन उदाहरणं सांगतो. नायजेरियात, हा नायजरच्या शेजारचा मोठा देश, २०२० च्या शेवटी बेरोजगारी ३३.३ टक्के होती. २०२३ च्या सुरुवातीला ४.१ झाली. कारखाने उभे राहिले का? नाही. आधी आठवड्याला वीस तासांपेक्षा कमी काम असलेला बेरोजगार धरत होते, नंतर एक तासाची जागतिक व्याख्या घेतली. चीनमध्ये जून २०२३ ला शहरी तरुणांची बेरोजगारी २१.३ टक्के निघाली. सरकारनं आकडा देणंच बंद केलं. काही महिन्यांनी परत दिला तेव्हा शिकणारी मुलं वगळली होती, आणि डिसेंबरचा आकडा आला १४.९.

आपल्या देशातही दोन पट्ट्या आहेत. वर्षभराचा हिशेब धरला तर २०२३-२४ ला ३.२, आणि गेल्या सात दिवसांचा धरला तर त्याच वर्षी ४.९. दोन्ही सरकारचेच, दोन्ही खरे. कुणी आकडा सांगितला की आधी विचारायचं, कोणत्या पट्टीचा?

आता सगळ्यात झोंबणारा आकडा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या भारत अहवालात आहे: २०२२ साली भारतातल्या ज्या तरुणांना लिहिता-वाचता येत नाही त्यांच्यात बेरोजगारी ३.४ टक्के, आणि पदवीधर तरुणांत २९.१ टक्के. जवळजवळ नऊपट. याचा अर्थ शिकू नका असा नाही, हे नीट ऐका. न शिकलेला मिळेल ते काम धरतो म्हणून तो बेरोजगारांत दिसत नाही. शिकलेला थांबतो, कारण आई-बापानं त्यासाठीच शिकवलेलं असतं. आपण ज्या घरातून आलो ते घर नायजरच्या रांगेत, आणि आपल्याला वाट बघायची आहे जर्मनीसारखी. विमा मात्र नाही. कर्नाटक सरकारनं जानेवारी २०२४ ला युवानिधी सुरू केली, पदवीधराला महिना ३,००० आणि डिप्लोमावाल्याला १,५००, जास्तीत जास्त दोन वर्षं. ज्यांचं नाव बसतं त्यांनी जरूर घ्यावी, तो तुमचा हक्क आहे. पण एवढ्यावर वाट बघणं होत नाही.

आता आपल्या जिल्ह्यांकडं येऊ. कर्नाटकची बेरोजगारी आणि महाराष्ट्राची बेरोजगारी दोन्ही तीन टक्क्यांच्या आसपास. पण कर्नाटकचा आकडा म्हणजे बेंगळुरू आणि औराद एकाच भांड्यात शिजवलेले. डॉ. नंजुंडप्पा समितीनं २००२ ला राज्यातले ३९ तालुके अत्यंत मागास ठरवले, त्यातले २१ एकट्या गुलबर्गा विभागातले. राज्याच्या सरासरीत हे दिसत नाही. देशाची पाहणी मुळात राज्याचा आकडा काढण्यासाठीच आखलेली होती. जानेवारी २०२५ पासून तिची आखणी बदलली आणि जिल्हा हा नमुन्याचा पाया केला. आपली पहिली मागणी इथंच आहे: बीदर आणि कलबुर्गीचा आकडा वेगळा छापा.

आणि छापला तरी एक गोष्ट राहतेच. पाहणीवाले घरात नेहमी राहणाऱ्यांना मोजतात. सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहणारा पोरगा गावच्या घरात धरत नाहीत. आपला पदवीधर पुण्यात चाकणला कंपनीत लागला, हैदराबादला सिक्युरिटीत लागला, की तो तिकडं मोजला जाईल. म्हणजे गाव जितकं रिकामं होईल तितका जिल्ह्याचा आकडा सुधारेल! आणि जो ऊसतोडीला चार महिने जातो आणि उरलेलं वर्ष पारावर बसतो, तोही वर्षाच्या हिशेबात कामालाच. कारण ३० दिवस जरी काम केलं असलं तरी पुरवणी काम म्हणून ते धरलं जातं.

आता मराठी बोलणाऱ्यांचं म्हणून जे वेगळं आहे ते बोलू.

१९५६ ला एक नोव्हेंबरला आपला बीदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडं गेले, आपण इकडं राहिलो. तेव्हापासून नोकरीचे दोन दरवाजे आपल्यासमोर आहेत, आणि दोन्ही अर्धे उघडे.

पहिला दरवाजा, घटनेचं अनुच्छेद ३७१-जे. ९८ व्या घटनादुरुस्तीनं आलं. त्याखाली कल्याण कर्नाटकातल्या स्थानिक पदांवर, गटानुसार ७५ ते ८५ टक्के जागा इथल्या माणसांसाठी आहेत. पात्रता जन्मावर आणि रहिवासावर आहे, मातृभाषेवर नाही. म्हणजे मराठी शाळेत शिकलेली औरादची मुलगीही तितकीच हक्कदार. पण दारात कन्नडची सक्तीची परीक्षा आहे. राज्य पुनर्रचनेनंतर भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशानं जी संरक्षणं मान्य केली, त्यात लिहिलंय की भरतीसाठी राज्यभाषेचं ज्ञान ही पूर्वअट नसावी; परीक्षा घ्यायची तर नोकरीत घेतल्यावर, परिविक्षा संपायच्या आत घ्यावी. हे आपण किती जणांनी मागितलं? घटनेच्या ३५०-बी खाली भाषिक अल्पसंख्याकांसाठी खास अधिकारी आहे. त्याच्याकडं किती अर्ज गेले?

आणि हे मागत असतानाच मी सांगतो, कन्नड शिका. बाजारात बोलता तसं नको, लिहिता येईल असं शिका. मराठी सोडा असं कुणी म्हणत नाही. आपल्या आज्या-पणज्या मराठी, कन्नड, दखनी तिन्ही बोलत होत्या आणि त्यांची मराठी काही कमी झाली नाही. हक्क मागायला वर्षं लागतात. परीक्षा पुढच्या वर्षी आहे.

दुसरा दरवाजा, महाराष्ट्राचा. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या उमेदवारांना तिथल्या सरकारी नोकरीसाठी अर्ज करता येतो. १० जुलै २००८ चा शासन निर्णय आहे, १५ वर्षांच्या वास्तव्याचा विहित नमुन्यातला दाखला लागतो. जाहिरात निघाल्यावर दाखल्यासाठी धावू नका. आपलं गाव यादीत आहे का ते आधी बघा, आणि कागद आजच जमवायला लागा. सुप्रीम कोर्टात महाराष्ट्राचा दावा २००४ पासून आहे. तो लढा चालूच राहील, आपण त्यात आहोतच. पण निकालाच्या तारखेची वाट बघत वयाची अट ओलांडली तर ते वय कुठलंच कोर्ट परत देत नाही.

आता काम सांगतो आणि संपवतो. आपण आपला आकडा काढू. प्रत्येक गावातून दोन मुलं, दोन मुली. एक वही. १५ ते २९ वयाच्या प्रत्येकाला सहा प्रश्न. शिक्षण किती? गेल्या सात दिवसांत किती तास काम केलं? त्याचे पैसे मिळाले का? काम शोधतोस का? शोधणं सोडलं असेल तर कधी आणि का? आणि घरातलं कुणी बाहेर गेलंय का, कुठं, किती महिन्यांसाठी? नावं बाहेर द्यायची नाहीत, फक्त बेरजा.

मुलींना स्वतः मुलींनी विचारायचं. दादा किंवा बाबा दारात उभे राहून "ती घरीच असते" म्हणाले की प्रश्न संपतो, तसं होऊ द्यायचं नाही. आणि वही फक्त मराठी घरांची नको. कन्नड बोलणारा, उर्दू बोलणारा, तांड्यावरचा लंबाणी पोरगा, त्याच्याही वाट्याला हेच आलंय. सगळ्यांचं मोजलं तर आपलं कुणी खोटं म्हणणार नाही.

आणि सरकारी पाहणीवाला कधी दारात आला तर वडिलांना सांगून ठेवा, "शेती बघतो" एवढ्यावर त्याला वाटेला लावू नका. किती तास बघतो, पैसे किती मिळतात, आणि काम शोधतो की नाही, हे खरं खरं सांगा. नाहीतर आपण घरी बसलेले आणि कागदावर कामाला लागलेले!

पुढच्या बैठकीला येताना बेरजा घेऊन या. त्या घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडं एकत्र जाऊ.

जय महाराष्ट्र!