शेगडीची चूल होताना



लंडनच्या १९५२ सालच्या विषारी धुक्याबद्दल आपण ऐकलं असेल. त्यात हजारो माणसं दगावली, आणि १९५६ मध्ये ब्रिटनमध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला. तरी घरांत जाळायचा धुरकट दगडी कोळसा विकणं इंग्लंडमध्ये पुरतं बंद व्हायला २०२३ साल उजाडलं. आता तिथल्या जुन्या घरांतल्या बिडाच्या बंद शेगड्यांचं करायचं काय? बरेच जण त्यात सरळ लाकडं घालतात. लाकडं भडभडा जळतात, पाहता पाहता राख होते, आणि बरीचशी ऊब धुराड्यातून वर निघून जाते.

असं का होतं, हे आपलं जुनं स्वयंपाकघर आठवलं की लगेच कळतं. शेगडीला जाळी असते आणि जाळीखाली हवेला तोंड. चुलीला जाळी नसतेच. कोळशाचा निखारा जागच्या जागी जळतो, त्याला खालून वारा लागतो. लाकडाचं तसं नाही. तापलं की त्याच्या वजनाचा तीन-चतुर्थांश भाग वायू होऊन बाहेर पडतो. ज्वाळा दिसते ती या वायूची, म्हणून हवा हवी ती वरच्या बाजूला. खाली राखेची गादी असली की निखारे टिकतात.

म्हणजे शेगडीची चूल करायची. जाळीवर लोखंडी पत्रा किंवा भट्टीच्या विटा बसवायच्या, वर दोन बोटं राख ठेवायची, खालचं तोंड बंद आणि दारावरचं उघडं. वरून हवा घ्यायची सोयच नसेल तर? काही जण बिडाला भोकं पाडायला निघतात. माझं मत विचाराल तर त्या खटपटीत पडू नये. बीड तडकतं. त्यापेक्षा लाकडाचीच शेगडी घ्यावी.

धुराडं मात्र आधी झाडून घ्यायला हवं. कोळशाच्या काजळीत गंधक असतं, लाकडाच्या धुरात पाण्याची वाफ. दोन्ही मिळून आम्ल होतं आणि ते धुराड्यातली धातूची नळी खातं. ओलं लाकूड तर त्याहून वाईट. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाने निम्म्याच्या आसपास पाणीच असतं. अशा लाकडाच्या धुराचा डांबरासारखा थर नळीला चिकटतो, आणि एखाद्या दिवशी तोच पेट घेतो. इंग्लंडमध्ये तर थोडक्या प्रमाणात विकायच्या लाकडात वीस टक्क्यांहून जास्त ओल चालत नाही. कोकणात पावसाळ्याची बेगमी करणाऱ्यांना हे शिकवायला नको.

आणखी एक. चांगल्या कोळशाच्या मानाने, किलोला किलो धरलं तर, लाकूड जेमतेम निम्मी उष्णता देतं, आणि जागा मात्र जास्त खातं. कोळशाच्या शेगडीचं पोट लहान, त्यामुळे पुन्हा पुन्हा उठून आखूड तुकडे सारावे लागतात. रात्री हवा कोंडून विस्तव धुमसत ठेवायची कोळशाच्या काळातली सवयही सोडावी. कोंडलेल्या लाकडाचं डांबर जास्त धरतं, कार्बन मोनॉक्साइडही जास्त सुटतो. सकाळी नव्याने पेटवावं, हेच बरं.