मोडीला पाच वर्षं द्या



2023च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्या मोडीवाचकांपैकी अनेकांचे फोन एकाएकी वाजू लागले. न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली होती, मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायच्या होत्या आणि जुन्या दप्तरांतलं बरंच काही मोडी लिपीत होतं. सरकारी कचेऱ्यांना मोडी वाचणारे हवे होते, तेही ताबडतोब. आरक्षणाच्या वादात मी शिरत नाही. एरवी ज्यांना कोणी चहाही विचारत नाही, अशा माणसांसाठी तेव्हा गाड्या आल्या. त्यांतले माझ्या ओळखीचे बहुतेक साठी ओलांडलेले होते. माझी आजची सगळी तक्रार या वयाबद्दल आहे: त्यांच्यामागे तरुण वाचक घडत नाहीत.

मोडीचे आठ-दहा दिवसांचे वर्ग आपण सगळेच घेतो. त्यात अक्षरओळख होते, उत्साह येतो, प्रमाणपत्र मिळतं. पण अठराव्या शतकातलं एखादं पत्र समोर आलं की प्रमाणपत्र उपयोगी पडत नाही. कारकुनानं बोरू न उचलता ओळ ओढलेली असते. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नसतो. शेवटी कालगणना येते: ‘इसन्ने सबैन मया व अलफ’. म्हणजे शुहूर सन 1172, इसवी सनाचं 1771-72, थोरल्या माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीची अखेर. तारखेआधी ‘छ’ दिसला की तो चंद्र, आणि पुढचा महिना मुसलमानी. हे जमायला अरबी अंक हवेत, थोडी फारसी हवी, महसुलाची परिभाषा हवी, आणि रोज चार तास कागदांचे रुमाल सोडून बसणारा कोणी जाणता शेजारी हवा. याला वर्षं लागतात आणि त्या वर्षांत माणसाला घरभाडं भरावं लागतं.

इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी पेशवे दप्तरातले निवडक कागद 1930 ते 1934 या काळात 45 खंडांत छापून काढले. पैसा मुंबई सरकारचा होता. आपण त्या वेगाचं कौतुक करतो, पण तेव्हा मोडी शाळेत शिकवली जात होती हे विसरतो. वाचणारे मदतनीस सरकारला आयते मिळाले. आज ते घडवावे लागतील आणि तो खर्च सरकारनंच करायचा आहे. मोडीवाचकाला पगार देणारा कारखाना मला तरी माहीत नाही.

अमेरिकेनं असाच प्रश्न भीतीतून सोडवला. ऑक्टोबर 1957 मध्ये रशियाचा स्पुतनिक उपग्रह आकाशात गेला आणि वर्षभराच्या आत, 2 सप्टेंबर 1958 रोजी, राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्यावर सही केली. पैसा गणित-विज्ञानाला गेलाच, पण दुर्लक्षित परकीय भाषांनाही गेला. विद्यापीठांतून दक्षिण आशियाची अभ्यासकेंद्रं उभी राहिली. त्याच काळात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात इतिहास अभ्यासक एलिनॉर झेलियट यांनी आंबेडकरी चळवळीवर 1969 साली पीएचडी केली. त्याच विद्यापीठाच्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन पुढे फलटणला येऊन कायमच्या इथल्या झाल्या. रशियाच्या धास्तीतून निघालेल्या पैशाचा मराठीलाही उपयोग झाला, गंमतच आहे.

नंतर तिथे ‘राष्ट्रीय गरजेच्या विषयां’साठी वेगळी योजना निघाली. तिच्यातल्या विषयांच्या यादीवर माझा आक्षेप आहे. अभियांत्रिकी, संगणक, नर्सिंग यांना तिथे जागा मिळते, जुन्या कागदांना नाही. पण रचना शहाणपणाची आहे. पैसा थेट विद्यार्थ्याला न देता विभागाला दिला जातो, विद्यापीठालाही पदरचा वाटा घालावा लागतो, आणि संशोधकाला देखरेखीखाली शिकवण्याचा अनुभव घ्यावाच लागतो. म्हणजे पीएचडी झालेला माणूस पुढचे चार घडवू शकतो.

आपल्याकडे काय आहे? यूजीसीची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, म्हणजे जेआरएफ, 1 जानेवारी 2023 पासून महिना 37 हजार आहे, पुढे वरिष्ठ, म्हणजे एसआरएफ, 42 हजार. पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्ती 70 ते 80 हजार, तीही विज्ञान-तंत्रज्ञानासाठी. इतिहासाची नेट परीक्षा उत्तीर्ण होताना मोडीची एक ओळ वाचून दाखवावी लागत नाही. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या सामाजिक न्यायासाठी आहेत, त्या हव्यातच; त्या मिळवण्यासाठी मुलांना आझाद मैदानावर बसावं लागलं, हे लाजिरवाणं आहे. मात्र विषयाची गरज पाहून दिलेली दीर्घ मुदतीची वृत्ती राज्यात मोडीसाठी मला दिसत नाही. डिसेंबर 2023 मध्ये आपल्याच विधिमंडळात पीएचडी करून काय दिवे लावणार, असं विचारलं गेलं. ज्या हिवाळ्यात हा प्रश्न आला, त्याच हिवाळ्यात सरकार मोडी वाचणारे शोधत फिरत होतं!

अशा वृत्तीचा माझा हिशोब साधा आहे. दोन विद्यापीठं, प्रत्येकी पाच संशोधक, जेआरएफच्या दरानं दोन वर्षं आणि एसआरएफच्या दरानं तीन. घरभाडं भत्ता सोडला तर पाच वर्षांचे 2 कोटी 40 लाख होतात. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्या निमित्तानं झालेल्या सोहळ्यांची बिलं कोणी तरी एकदा जुळवून पाहावीत.

दुपारच्या सत्रात या वृत्तीचा ठराव येणार आहे. त्याच्या मसुद्यात दोन कलमं घालावीत, अशी माझी सूचना आहे. पैसे दरमहा जमा व्हावेत, वर्षातून एकदा ढिगानं नव्हे. आणि आज समोर बसलेल्या ज्येष्ठ वाचकांना विभागात मानधनावर नेमावं, पदवीची अट न लावता, याच शैक्षणिक वर्षापासून.