लेझर : साधे की ‘कस्टम’?

(डहाणू येथे झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



चष्मा घालविण्यासाठी आपल्या डहाणू-तलासरी पट्ट्यातील माणसे एकतर मुंबईची गाडी धरतात, नाहीतर सीमा ओलांडून वापी, सुरत गाठतात. तपासणी आटोपली की समोर दोन दर ठेवले जातात. एक साध्या लेझरचा, दुसरा ‘कस्टम’ लेझरचा. कस्टम म्हणजे आपल्याच डोळ्याच्या मापाने बेतलेले, असे सांगण्यात येते. लेकीच्या डोळ्यांचा प्रश्न असला की बाप हिशेब करीत नाही, प्रसंगी कर्ज काढतो. मी वैद्य नव्हे, कलाशाखेचा पदवीधर पत्रकार आहे. परंतु या जादा पैशांत नेमके काय मिळते, हे समजून घेणे माणसाला अशक्य नाही.

प्रथम मूळ तंत्र पाहू. १९८१ मध्ये अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत मद्रासला जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांचे दोन सहकारी एक्सायमर लेझरवर काम करीत होते. सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या तुकड्यावर त्यांनी तो किरण टाकला, तेव्हा भोवतालचा भाग न जळता ऊती नेमकी कोरली गेली. या तिघांना पुढे अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले. हाच किरण डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, नवा बाक देतो. लॅसिकमध्ये आधी वरची पातळ पापुद्र्यासारखी झडप उचलतात, आतला थर कोरतात आणि झडप परत बसवितात.

साध्या पद्धतीत यंत्राला चष्म्याचा नंबर, तिरका नंबर आणि त्याचा अक्ष एवढेच सांगितले जाते. समान नंबरच्या दोघांना जवळजवळ समान कोरणी मिळते. परंतु प्रत्येक डोळ्यात चष्म्याने न जाणारे बारीक दोषही असतात. ते मोजण्याची युक्ती खगोलशास्त्राकडून आली. दुर्बिणीतील दोष शोधण्यासाठी हार्टमन यांनी योजलेली आणि १९७० च्या दशकात शॅक यांनी सुधारलेली ही पद्धत. डोळ्यात प्रकाश सोडायचा, परतणारा प्रकाश असंख्य चिमुकल्या भिंगांतून घ्यायचा आणि कोणता ठिपका जागेवरून किती सरकला ते पाहायचे. त्यातून उमटणाऱ्या नकाशाप्रमाणे लेझर चालविणे, हे कस्टम लेझर. अमेरिकेत त्याला २००२ मध्ये मान्यता मिळाली.

येथवर ऐकले की महाग तेच चांगले, असे कोणीही म्हणेल. पण थोडे थांबावे. १९९० च्या दशकातील साध्या लेझरनंतर रात्री दिव्यांभोवती वलये दिसण्याची तक्रार बरीच असे. कोरणीचा कडेचा भाग नीट साधत नसे, हे त्याचे एक कारण. आज पुष्कळ ठिकाणी जे ‘साधे’ म्हणून दिले जाते, त्या यंत्रातच कडेची ही उणीव भरून काढण्याची सोय असते. त्यामुळे दोहोंतले अंतर कमी झाले आहे. मध्यम नंबर आणि निर्दोष कॉर्निया असेल तर दिवसाउजेडी तक्ता वाचण्यात फरक जाणवणे कठीण. ज्याच्या डोळ्यांतील बारीक दोष मोजणीत खरोखरच अधिक निघतात, ज्याची बाहुली अंधारात फार मोठी होते आणि जो अच्छाडच्या नाक्यावरून समोरच्या ट्रकांचे झोत अंगावर घेत रात्री गाडी हाकतो, त्याने कस्टमचा विचार जरूर करावा. मात्र त्यासाठी मोजणीचा कागद समोर हवा, केवळ दरपत्रक नव्हे.

आणखी एक हिशेब कोणी सहसा मांडून दाखवीत नाही. कॉर्नियाची जाडी सरासरी ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक. एक नंबर उतरविण्यास साधारण १२ ते १५ मायक्रॉन कोरावे लागतात. कस्टममध्ये बहुधा थोडे जास्त जातात. झडपेखाली निदान २५० मायक्रॉन शिल्लक राहावेत, असा संकेत आहे. आता समजा, कॉर्निया ४८० चा आणि नंबर उणे सात आहे. झडपेचे ११० आणि कोरणीचे १०५ वजा केले की २६५ उरतात. असा डोळा कडेलोटावर उभा असतो. तेथे साधे की कस्टम हा प्रश्नच गौण, ‘लेझर करावेच का?’ हा खरा प्रश्न. कॉर्निया शंकूसारखा पुढे येण्याचा विकार असेल, तर कोणतेही लॅसिक त्याला अधिकच दुबळा करते. ॲलर्जीमुळे सतत डोळे चोळणाऱ्या मुलांच्या बाबतीत ही तपासणी विशेष काटेकोर हवी.

आपल्याकडचे अनेक तरुण भरतीची तयारी करतात, त्यांच्यासाठी हे आकडे नोकरीचेच आहेत. हवाईदलाच्या अधिकारी भरतीत लॅसिक चालते, पण वयाची २० वर्षे पूर्ण झाल्यावर केलेले, १२ महिने उलटलेले, आधीचा नंबर सहाच्या आतला आणि उरलेला कॉर्निया किमान ४५० मायक्रॉनचा. ५२० चा कॉर्निया आणि पाच नंबर असलेल्या मुलाचे ६५ मायक्रॉन गेले तर ४५५ उरतात आणि तो निकषात बसतो. ७५ गेले तर ४४५ उरतात आणि तो बाहेर. अधिक पैसे मोजून अपात्र ठरण्याचा हा प्रकार! रेल्वेचे तर निराळेच. असिस्टंट लोको पायलटच्या पदाला चष्मा चालत नाही, म्हणून मुले लेझरकडे धावतात. प्रत्यक्षात त्या पदाला लेझर झालेला उमेदवारही चालत नाही. शस्त्रक्रियेची तारीख घेण्यापूर्वी त्या त्या भरतीची ताजी जाहिरात वाचावी.

चिंचणी-वरोरकडे दागिन्यांचे डाय कोरणारे कारागीर आहेत. उणे तीन नंबरचा कारागीर चाळिशीनंतरही चष्मा काढून हातभर अंतराच्या आत बारीक काम करू शकतो. लेझरने दूरचा नंबर घालविला की त्यालाच जवळच्या कामासाठी चष्मा लागतो. कस्टमनेही हे टळत नाही. अशा माणसाचा चष्मा हेच त्याचे भांडवल.

तपासणीला जाताना मऊ लेन्स वापरणाऱ्यांनी त्या निदान एक-दोन आठवडे आधी काढून ठेवाव्यात, अन्यथा मोजणी चुकते. डॉक्टरांना कॉर्नियाची जाडी, शिल्लक राहणारा थर आणि बारीक दोषांचे प्रमाण स्पष्ट विचारावे. ते विचारल्याचा राग येणाऱ्या ठिकाणी शस्त्रक्रिया करू नये, असे माझे मत. आणि शस्त्रक्रियेपूर्वीच्या सर्व कागदांची प्रत जमिनीच्या सातबाऱ्यासारखी जपून ठेवावी. पुढे साठीत मोतीबिंदू होईल, तेव्हा आत बसवायच्या भिंगाचा नंबर काढताना डॉक्टर प्रथम तेच कागद मागतील.