तिसरं वर्ष लागलं



कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाची फी भरली की "पुढं काय?" ही विचारणा सुरू होते. मामा विचारतात, शेजारच्या काकू विचारतात, बुऱ्हाणपूरच्या लालबाग स्टेशनवर भेटलेला शाळेतला मित्रही सोडत नाही. उत्तर सुचत नाही आणि मग मुलं म्हणतात, "मॅडम, कॉन्फिडन्सच नाही." पुढचं ठरलेलं नाही, एवढंच खरं तर झालेलं असतं. विसाव्या वर्षी ते ठरलेलं नसायचंच.

आत्मविश्वास येतो कुठून, याची मांडणी आल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली केली. 'हे मला जमेल' असं माणसाला वाटतं ते चार कारणांनी. एखादं काम स्वतः पार पाडलं म्हणून, आपल्यासारख्याच कुणाला ते जमलेलं पाहिलं म्हणून, कुणी धीर दिला म्हणून, आणि छातीतल्या धडधडीचा आपण काय अर्थ लावतो त्यावरून. यात पहिलं कारण सगळ्यांत भक्कम. कुणाच्या बोलण्याने आलेला हुरूप लवकर ओसरतो. आता मीही बोलतेच आहे, तेव्हा माझंही फार मनावर घेऊ नका, कामाला लागा.

काम कोणतं? मध्य प्रदेशात २०२१-२२ पासून नवं शैक्षणिक धोरण लागू झालं आणि पदवीच्या अभ्यासक्रमात प्रकल्प, इंटर्नशिप किंवा समाजकार्य असा एक भाग आला. पुष्कळ मुलं तो झेरॉक्सच्या दुकानात उरकतात. मागच्या वर्षीची फाईल घ्यायची, नाव बदलायचं, स्पायरल बाइंडिंग करून सही घ्यायची. मार्क मिळतात, पण वर्षभरात स्वतः केलेलं असं सांगायला काही उरत नाही.

विषयासाठी बुऱ्हाणपूरच्या मुलांना लांब जावं लागत नाही हो. इतिहासवाल्यांना कुंडी भंडारा आहे. १६१५ सालची ती भूमिगत जलव्यवस्था २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पाण्याचंच आणखी पाहायचं तर २०२२ साली आपला जिल्हा 'हर घर जल' म्हणून देशात पहिला प्रमाणित झाला. मग तुमच्या गल्लीत नळाला पाणी किती वेळ येतं, किती घरं मोटर लावतात, हे वहीत टिपून पाहा की. यंत्रमागावर मीटरमागे मजुरी किती पडते, हाही अर्थशास्त्राचाच धडा आहे.

किंवा केळी घ्या. समजा, बी.कॉम.ची एक मुलगी केळीचा भाव कसा ठरतो हे पाहायला निघाली. पहिल्या शेतकऱ्याला ती थेट विचारते, "काका, नफा किती होतो?" काका हसतात आणि विषय बदलतात. नफ्याचा आकडा परक्याला कोण सांगणार? तिसऱ्या बागेत ती आधी लागवड कधीची, ठिबक आहे का, घड केवढ्या वजनाचा पडतो, हे विचारते. पाचव्या बागेपर्यंत तिला कळलेलं असतं की वादळवाऱ्यात आडवी झालेली बाग, कापणीला लागलेले मजूर आणि गाडीत पिकलेला माल यांचा हिशेब काढल्याशिवाय भावाला अर्थ नाही. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक विचारतात, "पाचच शेतकरी का घेतले?" धडधड तिलाही होतेच. पण ती म्हणते, "सर, दोघांकडे ठिबक नव्हतं, तिघांकडे होतं, मला तोच फरक पाहायचा होता." हे उत्तर कुठल्याही गाईडमधून पाठ करता येत नाही.

या मुलीने आणखी एक गोष्ट केली. शेतकऱ्यांशी मराठीत बोलली, व्यापाऱ्याशी हिंदीत, अहवाल लिहिताना इंग्रजी शब्द धुंडाळले. आपल्याकडची मुलं याचीच लाज बाळगतात. 'घरी मराठी, कॉलेजात हिंदी, म्हणून इंग्रजी कच्चं,' असं म्हणतात. अहो, जामा मशिदीत संस्कृत शिलालेख असलेलं आपलं शहर. इथे चार भाषा कानावर पडणं ही मिळकत आहे. मुलाखतीसाठी पाठ केलेली ओळख घोकू नका. स्वतःच्या प्रकल्पावर दोन मिनिटं इंग्रजीत मोठ्याने बोला, मोबाईलवर रेकॉर्ड करा, ऐका, पुन्हा बोला. माहिती आपलीच असल्यामुळे वाक्य अडलं तरी मुद्दा अडत नाही.

आता कागदपत्रांचं. कुणाचा पेपर राहिला असेल तर तो आधी काढा. डोक्यावर ओझं ठेवून शेवटचं वर्ष नीट जात नाही. चौथ्या वर्षाला संशोधनासह ऑनर्स करायचं असेल तर पहिल्या तीन वर्षांत ७५ टक्के लागतात, तेव्हा गुणांचा हिशेब आजच मांडा. आणि जळगाव-पुण्याकडे पुढे शिकायला जाणाऱ्यांनो, तिकडच्या अर्जात वडिलांचं नाव मधे लिहितात, आपल्या मार्कशीटवर ते वेगळ्या ओळीत असतं. दहावीपासूनच्या सगळ्या कागदांवर नाव एकसारखं आहे का, ते तपासा. जातीचा दाखला मध्य प्रदेशचा असेल तर महाराष्ट्र सरकारच्या आरक्षणासाठी तो धरला जात नाही, हे गृहीत धरूनच अर्ज भरा. चूक निघाली तर दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून हे काम दिवाळीच्या आत उरका.